"गावात सगळे बरे ना जी?"

गावाची पाटी दिसली की ते ऑटो थांबवायचे. इंजिन बंद करायचे, खांद्यावरचा दुपट्टा माइकच्या तोंडाभोवती दोनदा गुंडाळायचे, माइक मांडीवर ठेवायचे आणि पहिल्या पानठेल्याकडे पाहून विचारायचे, "गावात सगळे बरे ना जी?"

ऑटोच्या टपावर दोन भोंगे बांधलेले, मागच्या सीटवर बॅटरी आणि मशीन. तलावाच्या पलीकडच्या पाळीवर आवाज जाईल एवढी सगळी तयारी. आणि हा पहिला प्रश्न मात्र इतक्या हळू, की पानठेलेवाल्याला सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटायचा थांबून कान द्यावा लागायचा. तो "बरे हायेत जी" म्हणाला, की मगच दुपट्टा सुटायचा, बोटातली लोखंडी अंगठी माइकवर दोनदा वाजायची, टक टक, आणि गावाला कळायचं की काहीतरी सांगणं आहे.

तुम्ही सडक अर्जुनी ते देवरी या पट्ट्यातले असाल तर तुम्ही त्यांना नक्की पाहिलं असेल. पाहिलं नसेल तर ऐकलं असेल. आमच्याकडे भोंग्याला पोंगा म्हणतात, म्हणून ते पोंगेवाले काकाजी. अंगाने किरकोळ, मिशी काळीभोर रंगवलेली, आणि गालात कायम ज्येष्ठमधाची काडी. नाटक असो, डोळ्यांचं शिबिर असो, साडीच्या दुकानाचं उद्घाटन असो की कोणाची हरवलेली म्हैस असो, आठ-दहा गावांना ती बातमी त्यांच्या तोंडून कळायची.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, आणि तिथेच लाज वाटायला सुरुवात होते.

पुण्यातल्या कंपनीने मला सात मिनिटांच्या फोनवर घरी पाठवलं. त्या सात मिनिटांत समोरच्या बाईने "तू खूप हुशार आहेस" हे वाक्य तीनदा म्हटलं, म्हणून मी ते खरं धरलं. गावी आले आणि जाहीर केलं की मी आता स्वतंत्रपणे सोशल मीडिया मॅनेजमेंट करणार. वडिलांचं हायवेला लागून पाइप आणि मोटारींचं दुकान आहे. त्याच्या मागच्या बाजूला, काळ्या पाइपच्या दोन भेंडोळ्यांच्या मध्ये मी टेबल टाकलं आणि त्या जागेला स्टुडिओ म्हणू लागले. कार्ड छापून घेतली. कार्डावर माझ्या नावाखाली लिहिलं होतं, 'सोशल मीडिया मॅनेजर आणि ब्रँड स्ट्रॅटेजिस्ट'. छापणाऱ्याने दोनदा फोन करून विचारलं, की बाई, हे असंच छापायचं ना.

वडिलांनी कार्ड उलटंसुलटं पाहिलं. "म्हंजे मोबाइल पाहाचा ना? तो तं तू आताबी पाहूनच राहिली."

मग त्यांनी मुदत घातली. "होळीलोक पाहू. तोवर चार लोकायनं आपल्या मनानं तुह्यं काम मागतलं तं राह्य इथं. नाही तं पुण्याचं तिकीट मी काढून देतो." 'होळीलोक' म्हणजे होळीपर्यंत. आमच्याकडे मुदती दोनच, एक पावसापर्यंत आणि एक होळीपर्यंत.

मला परत जायचं नव्हतं. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी हरून आले असं झालं असतं. मैत्रिणींना मी सांगत होते की लहान शहरांमध्ये फार मोठी संधी आहे. खरं एवढंच होतं, की मला इथे राहायचं होतं आणि मान वर करून राहायचं होतं. त्यासाठी होळीपर्यंत चार माणसं हवी होती.

माझं पहिलं गिऱ्हाईक वडीलच होते, तेही त्यांना न विचारता. दुकानाचं पान काढलं आणि पहिली पोस्ट टाकली, 'पाणी म्हणजे जीवन'. सोबत इंटरनेटवरून घेतलेला एका गोऱ्यापान परदेशी बाळाचा फोटो, नळाखाली हात धरलेला. एक्केचाळीस जणांनी पान फॉलो केलं. त्यातले अडतीस नातेवाईक होते. उरलेल्या तिघांपैकी एकाने विचारलं, "हे लेकरू कोनाचं?" वडिलांना बाजारात चार दिवस तोच प्रश्न लोक विचारत होते.

काकाजी दुकानात आले ते भोंग्यासाठी क्लॅम्प घ्यायला. काउंटरवर माझी कार्डं होती. त्यांनी एक उचलून लांब धरलं आणि शाळेतल्यासारखं अक्षर अक्षर लावून वाचलं.

"हे दुसरं काय हाय? ब्रँडवालं?"

मी सांगितलं, की एखाद्या दुकानाचं नाव लोकांपर्यंत कसं पोचवायचं, लोकांच्या मनात ते कसं राहील, हे ठरवायचं काम. बोलताना मी 'रीच' आणि 'टार्गेट ऑडियन्स' हे शब्द वापरले. ते मान हलवत ऐकत होते. ज्येष्ठमधाची काडी या गालातून त्या गालात गेली.

"मंग असं सांग ना माय," ते म्हणाले, "तू बी पोंगेवालीच."

मी पुण्याहून परत आल्यापासून वडील पहिल्यांदा हसले, आणि ते हसले म्हणून मला जास्त राग आला. नऊ वर्षं शिकून, नोकरी करून, एका टपावर भोंगे बांधलेल्या ऑटोवाल्याच्या पंगतीत जाऊन बसले होते मी. त्या दिवशी मी मैत्रिणीला लिहिलं, 'इथल्या लोकांना माझं काम समजायला वेळ लागेल.' काकाजींना ते अर्ध्या मिनिटात समजलं होतं.

त्यानंतर ते येता-जाता डोकवायचे. चहा व्हायचा. "काय करून राहिली व?" म्हणत ते पाइपच्या भेंडोळ्यावर बसायचे आणि मी लिहिलेलं वाचायला मागायचे. त्यांना विशेषणांचा तिटकारा होता. समित्या त्यांना कागदावर 'भव्य दिव्य' लिहून द्यायच्या. ते पेन्सिलीने दोन्ही खोडायचे. "भव्य हाय का नाही ते लोक येऊन पाहतीन. आपन जागा सांगाची, दिवस सांगाचा." माझ्या एका मसुद्यात त्यांनी असे अकरा शब्द खोडले. उरलं ते फक्त दुकानाचं नाव आणि पत्ता. वाचायला ते चांगलं होतं, हे मी कबूल केलं नाही.

हरवलेल्या जनावरांची बातमी मात्र ते मनापासून सांगायचे. एका म्हातारीची शेळी हरवली होती. काकाजींनी साडीच्या दुकानाची जाहिरात मध्येच थांबवली आणि सांगितलं, "शेळी कारी हाय. एक कान कापला हाय. गरीब हाय. हाक मारली तं येते." शेळी दुसऱ्या दिवशी सापडली. साडीच्या दुकानवाल्याने त्यांना नंतर विचारलं, की माझ्या उद्घाटनाचं काय. "येतीन ना जी लोक," ते म्हणाले, "शेळीसाठी ऐकूनच राहिले होते, मंग साडीचंबी ऐकलं त्यायनं." ही कल्पना मी नंतर माझी म्हणून दोन गिऱ्हाइकांना सांगितली.

दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. सासरी गेलेल्या लेकी येतात, जावई येतात, पाळणे आणि दुकानं लागतात, आणि संध्याकाळनंतर नाटक असतं. मंडईची बातमी आजूबाजूच्या आठ गावांना देणं हे काकाजींचं वर्षाचं मोठं काम. आमच्यापासून आठ किलोमीटरवर जांभूळटोला म्हणून गाव आहे. तिथल्या मंडई समितीचे अध्यक्ष आमच्याकडूनच पाइप नेत. ते आले, तेव्हा काकाजी भेंडोळ्यावर बसलेले होते.

"अध्यक्षसाहेब, यंदा या पोरीलेबी काम द्या," ते म्हणाले. "मी रस्त्यावरच्यायले सांगतो, हे मोबाइलातल्यायले सांगते."

माझं पहिलं खरं काम मला असं मिळालं, भोंगेवाल्याच्या शिफारशीवरून. मी बाहेर मात्र असं सांगितलं, की क्लायंटला माझं प्रेझेंटेशन फार आवडलं.

मी जीव ओतला. रंगीत तक्ता केला. सात दिवस, सात पोस्ट, रोज सकाळी सात वाजता. 'मंडईची माणसं' अशी मालिका. गावात जाऊन पाळणेवाला, जिलेबीवाला, तबलजी अशा सगळ्यांचे छोटे व्हिडिओ काढले. अध्यक्षांची आई अंगणात ऊन खात बसली होती, ऐंशीच्या पुढची, तोंडात एक दात. तिने मला आधी चहा पाजला, मग बोलायला तयार झाली. "नाटक पाहाले मी पुढंच बसन," ती म्हणाली. "मांगून दिसत नाही मले." आणि त्या एका दाताने असं हसली, की कॅमेरा हलला. मी त्यावर बँडचं संगीत घातलं, वरून रंगीत कागदाचे तुकडे पाडले आणि लिहिलं, 'आजी म्हणतात, पहिल्या रांगेत मीच!' तो व्हिडिओ मंडईच्या दोन दिवस आधीसाठी लावला.

सातही पोस्ट एकाच बैठकीत शेड्यूल केल्या. म्हणजे वेळ लावून ठेवली, की त्या आपोआप पडतात. काकाजींना मी हे मोठ्या ऐटीत दाखवलं. "मी झोपले तरी माझं काम चालू असतं, काकाजी."

त्यांनी बराच वेळ त्या तक्त्याकडे पाहिलं. "मंग जागं कोन राहते?"

मला ते इतकं गमतीचं वाटलं की मी त्यांचं ते वाक्य लिहून ठेवलं. कधीतरी पोस्टसाठी वापरू म्हणून.

पहिले चार दिवस उत्तम गेले. पाचव्या दिवशी मी त्यांच्या ऑटोत बसून गेले. मला त्यांच्यावरही एक व्हिडिओ करायचा होता, 'जुनं माध्यम, नवं माध्यम' असं काहीतरी. तुम्हाला खोटं वाटेल, पण पूर्ण प्रवासभर मी घड्याळ पाहत होते. प्रत्येक गावाबाहेर हा माणूस थांबणार, दुपट्टा गुंडाळणार, सगळे बरे ना विचारणार. एका गावात पानठेलेवाल्याने सांगितलं, की तलावाकडच्या ओळीत कोणाची तेरवी आहे. काकाजी त्या ओळीतून माइक बंद ठेवून, ऑटो जवळजवळ ढकलल्यासारखा हळू नेत गेले. दुसऱ्या गावात एका घरी सून बाळंत होऊन दोनच दिवस झाले होते. तिथे भोंग्याचं तोंड शेताकडे वळवलं. मी मनातल्या मनात हिशेब केला, की हे न विचारते तर याच वेळात तीन गावं जास्त झाली असती. घरी येऊन मी तो सगळा भाग व्हिडिओतून कापून टाकला. मला वाटलं, यात काही घडत नाही.

मंडईच्या दोन दिवस आधी मी साडेआठला उठले. फोन तापला होता. शेकडो लोकांनी आजींचा व्हिडिओ पुढे पाठवला होता. माझ्या आयुष्यात माझी कुठलीही गोष्ट इतक्या लोकांपर्यंत गेली नव्हती. मी दात न घासता दुकानात धावले, वडिलांना आकडा दाखवायला.

वडील उभे होते. त्यांच्याही हातात फोन होता आणि त्यावर तोच व्हिडिओ होता.

"गेली ना ते बाई," ते म्हणाले. "पहाटे चारले."

मी फोनकडे पुन्हा पाहिलं. खाली कोणी हसरे चेहरे टाकले होते, कोणी हात जोडले होते, कोणी मला उद्देशून लिहिलं होतं ते इथे लिहीत नाही. बँड वाजत होता. कागदाचे तुकडे पडत होते आणि आजी हसत होती. मी पोस्ट काढून टाकली, पण ती ज्याच्या त्याच्या फोनवर जाऊन बसली होती. त्या पोस्टबरोबर आजी गेल्याची बातमीही गेली होती, आणि दहा वाजेपर्यंत तिला शेपूट फुटलं होतं, की जांभूळटोल्याची मंडई यंदा मोडली. पाळणेवाल्याने अध्यक्षांच्या घरी फोन करून विचारलं, की पाळणे परत नेऊ का. ज्या घरात मयत होतं, त्या घरी.

काकाजी त्या सकाळी साडेसहालाच जांभूळटोल्याला गेले होते, शेवटची फेरी सुरू करायला. पानठेल्याशी थांबले, विचारलं, उत्तर ऐकलं, आणि माइकवरचा दुपट्टा न सोडता परत फिरले. आमच्या दुकानात येऊन ते नेहमीच्या जागी बसले. मला ओरडले नाहीत. मी त्यांना मोबाइलवर लिहिलेला माफीनामा दाखवला. 'आमच्या टीमकडून अनवधानाने झालेल्या' अशी सुरुवात होती.

"टीममंधी कोन कोन हाय?"

"मीच."

"मंग मीच असं लिही." उठत ते म्हणाले, "नाही तं लिहूच नको. चाल. पायानं जाऊ."

आठ किलोमीटर पायाने नाही. जांभूळटोल्याच्या पानठेल्यापर्यंत आम्ही ऑटोनेच गेलो. तिथे त्यांनी ऑटो लावला आणि पुढे चालत निघाले. मयताच्या दारात पोंगा न्यायचा नाही, बंद असला तरी नाही. गल्लीतून जाताना लोक माझ्याकडे पाहत होते. मी काकाजींच्या टाचांकडे पाहत चालले.

ते पुरुषांकडे जाऊन बसले, मी बायकांत. कोणी मला उठ म्हणालं नाही आणि बस म्हणालं नाही. बऱ्याच वेळाने अध्यक्षांची बायको माझ्याकडे वळली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"त्या दिशी तू आली तं तिनं तुले चहा पाजला."

"हो."

"मंग सकारी एक फोन नाही करता आला तुले? सगळे बरे हायेत का म्हनून?"

पुण्यात मला मोठमोठ्या साहेबांनी झापलं होतं, इंग्रजीतून, सगळ्यांदेखत. त्यातलं एकही वाक्य आज आठवत नाही. हे आठवतं. मला आयुष्यात तेवढी लाज कधी वाटली नाही, आणि ती वाटायलाच हवी होती. मी तिला "चुकलं माझं" एवढंच म्हणू शकले. तिने मान हलवली, ती माफीची होती की नुसतीच, ते मला कळलं नाही.

दुपारी मयत नेलं. मसणवटीवरून परत आल्यावर अंगणात अध्यक्ष चार माणसांशी बोलले. लेकी-जावई निघालेले, नाटकवाले ठरलेले, आणि मायचं सगळं मन त्या नाटकात होतं. "मंडई होऊ द्या," ते म्हणाले. "आमी घरचे येनार नाही. माझ्या ओळीत पोंगा आनू नका, बस. पन लोकायले तं वाटून राहिलं का मंडई मोडली." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं.

"सांगतो जी आमी," काकाजी म्हणाले. 'आमी' म्हणाले, हे माझ्या लक्षात आलं.

माझ्या पानावर टाकायची सोयच नव्हती. त्या पानावर आता कोणाचा विश्वास उरला नव्हता. मी ऑटोत बसले. पहिल्या गावाच्या पाटीशी काकाजी थांबले, सगळे बरे ना विचारलं, उत्तर ऐकलं, दुपट्टा सोडला आणि माइक माझ्या हातात दिला.

"मी? माझा आवाज कुठे..."

"पोस्ट तुह्यीच होती ना व?"

मी फोनवर चार ओळी लिहिलेल्या होत्या. त्यांनी फोन घेऊन स्वतःच्या खिशात टाकला. अंगठी माइकवर दोनदा वाजवली. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "नमस्कार मित्रांनो." काकाजींनी ताबडतोब माइकवर तळहात ठेवला. समोरच्या ओट्यावर दोन बायका तांदूळ निवडत होत्या, त्या थांबून आमच्याकडे पाहू लागल्या.

"मित्र नाही ते तुह्ये," ते हळूच म्हणाले. "कोनाची कोन ते सांग."

मग मी सांगितलं. की मी हायवेवरच्या पाइपच्या दुकानातली मुलगी. जांभूळटोल्याच्या अध्यक्षांच्या आई आज पहाटे गेल्या. सकाळी जो व्हिडिओ आला तो मी टाकला, न विचारता टाकला. मंडई मोडलेली नाही. घरच्यांनीच सांगितलं, मंडई होऊ द्या. ठरल्या दिवशी या. आवाज दोनदा फाटला. माझं पुणेरी मराठी त्या भोंग्यातून बाहेर पडून तलावावर जाऊन परत येत होतं आणि मला ते दोनदा ऐकावं लागत होतं.

त्या दिवशी चार आणि दुसऱ्या दिवशी चार, अशी आठ गावं झाली. प्रत्येक गावात थांबणं, विचारणं, सांगणं. तिसऱ्या गावापासून पाटी दिसली की दुपट्टा मीच गुंडाळू लागले. सहाव्या गावात पानठेलेवाल्याला प्रश्नही मीच विचारला, आणि काकाजी बाहेर शेताकडे पाहत बसले, जसं काही त्यांना ऐकूच आलं नाही.

मंडईला लोक आले. नेहमीपेक्षा जास्त नाही, कमीही नाही. पाळणे फिरले, जिलेबी संपली. मी एकही फोटो काढला नाही. पण मी जिथे उभी राहीन तिथे कोणी ना कोणी विचारायचं, "तूच ना ते, न इचारता टाकनारी?" ब्रँड स्ट्रॅटेजिस्टला अखेर स्वतःचा ब्रँड मिळाला. एवढी पक्की ओळख मी कुठल्याही गिऱ्हाइकाला आजवर मिळवून देऊ शकलेले नाही.

गंमत अशी, की कामं त्यानंतरच आली. आधी देवरीच्या रस्त्यावरचा ढाबेवाला, मग मोहफुलाचे लाडू करणाऱ्या बायकांचा गट, मग नागझिऱ्याकडे पर्यटकांना घेऊन जाणारा गाडीवाला, आणि माघ संपता संपता एक रोपवाटिकावाला. चौघांचंही म्हणणं एकच, की टाक, पण विचारून टाक. होळीच्या दिवशी वडील मुदतीबद्दल काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेले तर पाइपची दोन भेंडोळी बाहेर काढलेली होती आणि माझ्या टेबलाला खिडकी मिळाली होती. मी तिथे बसून थोडं रडले. मग कार्डावरचा 'ब्रँड स्ट्रॅटेजिस्ट' पेनने खोडत बसले, शंभरच्या शंभर कार्डांवर.

पोस्ट आपोआप पाडणं मी बंद केलं. माझ्या फोनमध्ये आता अठरा पानठेले आहेत. कुठलीही पोस्ट टाकायच्या आधी, सकाळी सातला, मी त्या त्या गावच्या पानठेल्यावर फोन लावते आणि विचारते. बहुतेकदा उत्तर यायच्या आधी खर्रा घोटण्याचा आवाज येतो, मग "बरे हायेत जी", मग मी बटण दाबते. पुण्यातल्या मैत्रिणी हसतात. म्हणतात, असं काम करून तू कधी मोठी होणार. त्यांचं बरोबर असेल. काकाजींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "त्या पुन्यातल्या पोरी बऱ्या हायेत ना?"

तीन मंडया आम्ही बरोबर केल्या, ते रस्त्याने आणि मी मोबाइलात. गेल्या वर्षी त्यांचा आवाज बसू लागला. ज्येष्ठमध उपयोगी पडेना. "मशीन जुनं झालं," म्हणायचे, आणि बोट भोंग्याकडे दाखवायचे. डॉक्टरकडे चला म्हटलं, की त्यांना अचानक कुठल्यातरी गावी जायचं असायचं. मी एकदा त्यांना रागावलेही, की सगळ्या जगाला बरे ना विचारता, मग तुम्हाला कोणी विचारायचं. ते म्हणाले, "तू इचारून राहिली ना आता." आणि चहा संपवून गेले.

या उन्हाळ्यात एका मंगळवारी ढाबेवाल्याची पोस्ट होती. नवीन थाळीची. लिहून तयार होती, एकही विशेषण नसलेली. ढाब्याजवळच्या तीन गावांना फोन करायचा होता, त्यातलं तिसरं काकाजींचं. तिथल्या पानठेलेवाल्याचा आवाज मला पाठ आहे. फोन उचलला गेला, खर्रा घोटण्याचा आवाज येत होता.

"गावात सगळे बरे ना जी?"

घोटणं थांबलं. पलीकडे कोणीतरी काहीतरी बोलत होतं, ते लांबून ऐकू येत होतं.

"बाई," तो शेवटी म्हणाला, "आज नको टाकू."

मला वाटलं कोणाची म्हातारी असेल, कोणाचं आजारी माणूस असेल. मी नेहमीसारखं विचारलं, "कोणाकडे जी?"

"तुह्या काकाजीकडंच. तेच गेले."

मी फोन ठेवला. सगळ्या गिऱ्हाइकांना एकेक करून सांगितलं, की आज काही जाणार नाही. कोणी काऊन म्हणून विचारलं नाही. वडिलांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि मला गाडीने त्यांच्या गावाच्या पाटीपर्यंत सोडलं. पानठेल्याशेजारी त्यांचा ऑटो उभा होता. कोणीतरी दोन्ही भोंग्यांची तोंडं दुपट्ट्याने बांधली होती. तिथून पुढे मी पायाने गेले.